विमलताईंचं बिनपट्टीचं चॅनल

विमलताई शिरसाट यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला विषयही नेमून दिला होता: 'विमलताईंचं धाडस'. मंडळातली माणसं अमरावतीची, शिकलेली आणि माझ्यापेक्षा मोठी आहेत, तरीही हा विषय मी नम्रपणे परत करते आहे. दर्यापूरच्या केबलच्या कंट्रोल रूममध्ये मी ताईंच्या हाताखाली आयुष्यातली उमेदीची वर्षं काढली. मी स्वतः जात्याच भित्री. अंगणात मांजरानं धप्पकन उडी मारली तरी माझ्या हातातलं भांडं खाली पडतं. पण विमलताई माझ्याहून भित्र्या निघाल्या, आणि मला त्यांच्याविषयी जे काही सांगायचं आहे ते सगळं त्यांच्या भीतीविषयीच आहे.

आमची पहिली भेट एका शिडीवर झाली. बाजार ओळीत आमचं घर आहे. खाली माझ्या मोठ्या भावाचं, प्रभाकरदादाचं, कृषी केंद्र आणि वर आम्ही सगळे. नवऱ्याच्या निधनानंतर केबलचा सगळा पसारा विमलताईंच्या अंगावर आला होता. त्या दिवशी लाइनमन सुटीवर होता आणि आमच्या भिंतीवरची वायर तुटली होती. मी दारात उभी होते. ताई नऊवारी खोचून अर्ध्या शिडीवर पोचल्या होत्या आणि तिथेच डोळे मिटून थांबल्या होत्या. मला म्हणाल्या, शिडी घट्ट धर बाई, मले उंचीचं लय भेव लागते. मी शिडी धरली. त्या थरथरत वर गेल्या, वायर जोडली, थरथरत खाली आल्या आणि पाणी मागितलं. पाणी पिता पिता मी काय शिकले ते विचारलं. मराठी टायपिंगची परीक्षा दिली आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून कामावर यायला सांगितलं.

माझं काम पट्टीचं होतं. आज मोबाइल हातात घेऊन वाढलेल्या मुलांसाठी सांगते: गावोगावच्या केबलवाल्यांचं स्वतःचं एक लोकल चॅनल असायचं. त्यावर सिनेमे, भजनं, लग्नांच्या कॅसेटी चालायच्या आणि पडद्याच्या तळाशी उजवीकडून डावीकडे अक्षरांची एक पट्टी सरकत राहायची. कोणाची तेरवी, कोणाची हरवलेली गाय, कोणत्या क्लासचे प्रवेश सुरू, आणि कोणाचं दुःखद निधन. निधनाची बातमी द्यायला घरचं माणूस स्वतः यायचं. ताई त्याला आधी बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि मग नाव, गाव, अंत्ययात्रेची वेळ एवढंच विचारायच्या. माणूस कसा गेला हे विचारायची कंट्रोल रूममध्ये कोणालाच परवानगी नव्हती. मी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचे, आलेला माणूस मान हलवायचा, मगच ते नाव पडद्यावर जायचं.

त्या वर्षांत कापसाचं काय झालं आणि पावसानं काय केलं हे सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. मला फक्त पट्टी माहीत आहे, आणि पट्टी लांबत गेली. आधी एखादं नाव असायचं, मग नावामागे नाव लागू लागलं. त्यातली कितीतरी नावं मरायच्या वयाची नव्हती. जेवता जेवता लोक हातातला घास तसाच धरून पट्टी वाचायचे. एका कापड दुकानदाराच्या हे बरोबर लक्षात आलं आणि आपल्या सेलची जाहिरात निधनाच्या नावांच्या मधोमध लावा असं सांगत तो आला. ताईंनी त्याला चहा पाजला आणि बाहेर पाठवलं. तुमचा सेल उद्याही राहीन, एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसांतली भीती मला नीट सांगता येणार नाही. घराघरातल्या बाया नवऱ्याच्या मागे मागे फिरायच्या. माणूस चप्पल घालू लागला की कुठं चालले, आणि परत यायला उशीर झाला की आणखी कुठं गेले होते. आमच्या घरात तर भीती खालच्या मजल्यावर हारीनं रचून ठेवलेली होती, कारण दादाच्या गोदामात फवारणीच्या औषधाचे डबे होते. पट्टीवरचं एखादं नाव वाचलं की दादाला तो माणूस आठवायचा. काउंटरच्या कोणत्या बाजूला उभा होता, काय बोलला आणि काय घेऊन गेला, सगळं. दादा आधी हसरा माणूस. गिऱ्हाइकाची फिरकी घेतल्याशिवाय त्याला माल द्यायचा नाही. पण तो हळूहळू गप्प झाला, मग शटर उशिरा उघडू लागला, मग जेवणावरून उठून जाऊ लागला. वहिनींनी गोदामाची किल्ली स्वतःच्या कमरेला बांधली. मी नावं टाइप करून घरी यायचे तेव्हा दादानं ती आधीच वाचलेली असायची. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत नसू. मला रात्रंदिवस एकच भीती होती, की एक दिवस दादाचं नाव मलाच टाइप करावं लागेल.

हे मी ताईंना सांगितलं नव्हतं. त्यांना ते माझ्या बोटांवरून कळलं. आमच्या ओळखीच्या गावाचं नाव आलं की माझा हात कीबोर्डवर अडायचा. एक दिवस त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं, सगळं विचारून घेतलं आणि स्वतः कीबोर्डसमोर बसल्या. त्यांना टायपिंग येत नव्हतं. एका बोटानं अक्षर शोधत शोधत त्यांनी ते नाव पूर्ण केलं. त्यानंतर निधनाचं प्रत्येक नाव त्याच लिहू लागल्या, माझ्याकडे तेरव्या, गायी आणि क्लास ठेवले. मला म्हणाल्या, "तुह्या दादाचं नाव येनार नाई. अन् आलंच तं तुह्या हातून येनार नाई." मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत रडत होते.

बिनपट्टीच्या चॅनलची कल्पना ताईंना त्यांच्याच अंगणात सुचली. त्यांची नात आणि गल्लीतली लेकरं खेळत होती. एक पोरगी छातीशी पाटी धरून उजवीकडून डावीकडे हळूहळू चालत होती आणि पाटीवरचं नाव वाचत होती. बाकीची पोरं खोटं खोटं जेवत बसली होती. पाटी समोर आली की ती घास खाली ठेवायची आणि एकमेकांकडे पाहायची. ताई लेकरांवर रागावल्या नाहीत. आत येऊन बसल्या, त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "माधुरी, हे लेकरं आपली पट्टी खेळून राहिले," एवढंच म्हणाल्या.

आमच्याकडे आणखी एक लोकल चॅनल रिकामं पडलेलं होतं. ते ताईंनी जुन्या विनोदी कार्टूनसाठी द्यायचं ठरवलं. वीज असेल तोवर दिवसभर तेच, दुसरं काही नाही आणि पट्टी मुळीच नाही. आमचे जुने टेक्निशियन हमीदभाई यांना हा सगळा पोरखेळ वाटला. ते म्हणाले की नवीन, रंगीत कार्टूनची चॅनलं वरून डिशच्या छत्रीवर येतातच, जुनं कशाला दाखवायचं? ताईंनी नवीनही पाहून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की नव्यातले लोक जग वाचवायला निघालेले असतात, सारखे लढतात, आणि हरले की खरोखर हरतात. जुन्यात दोघं नुसते एकमेकांच्या मागे पळतात. वरून पडतात, पापडासारखे चपटे होतात, अंगातून धूर निघतो आणि पुढच्या क्षणी अंग झटकून पळायला लागतात. "यात पडलेला उठते, हमीदभाई. मले तेच पायजे." शिवाय त्यात बोलणं जवळजवळ नसतंच. मोमीनपुऱ्यातल्या घरात काय आणि भीमनगरातल्या घरात काय, समजावून सांगायची गरज पडणार नव्हती.

कॅसेटी आणायला आम्ही दोघी एसटीनं अकोल्याला गेलो. तिथले एक वितरक पूर्वी व्हिडिओ लायब्रऱ्यांना माल पुरवायचे. जुन्या कार्टूनचे हक्क त्यांच्याकडे होते आणि कॅसेटी कपाटात बुरशी खात पडल्या होत्या. कोणती शाळा, कितवीपर्यंतचे वर्ग, असं त्यांनी विचारलं. शाळा नाही, अख्खा तालुका आहे, असं ताईंनी सांगितलं. ते हसले आणि न्या म्हणाले. ताई मात्र कॅसेटींना हात लावायला तयार होईनात. परवानगीचा रीतसर कागद हवा होता. दर्यापूरला कोण पाहायला येतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ताई म्हणाल्या, कोणी येवो न येवो, मला पोलिसांचं भेव लागतं. कागद हातात पडल्यावरच त्यांनी बसायला खुर्ची घेतली. पुढे अनेकांनी त्यांच्या सचोटीवर भाषणं केली आहेत, त्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

चॅनल सुरू झालं त्या दिवशी आम्हाला वाटलं होतं की लोक खूश होतील. दुपारपर्यंत फोनवर फोन आले आणि मग माणसंच दारात येऊन उभी राहिली. पट्टी काहून नाई, हा एकच प्रश्न. पट्टी वाचायची सवय लोकांच्या इतकी अंगवळणी पडली होती की रिकामा तळ पाहून त्यांनी उलटाच अर्थ लावला. नावं सांगण्यासारखी राहिली नाहीत म्हणून केबलवाली ती लपवते आहे आणि लोकांना नादी लावायला कार्टून सोडते आहे, अशी आवई बाजारभर उठली. एक म्हातारे गृहस्थ टोपी हातात घेऊन पायरीशी उभे होते. त्यांचा मुलगा सकाळी अकोल्याला गेला होता. "माह्या पोराचं नाव तं नाई ना लपवलं, बाई?" त्यांनी विचारलं. ताईंनी म्हाताऱ्यांना आत घेतलं, आमच्या फोनवरून अकोल्याला मुलाशी बोलायला लावलं आणि मग बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं की पट्टी पहिल्या चॅनलवर आहे तशीच आहे, तिथं एकही नाव गाळलेलं नाही. "पन इथं नाव कधीच येनार नाई. इथं भ्याचं काम नाई." लोक कुरकुरत गेले. म्हातारे मात्र आमच्या मॉनिटरसमोर बसून राहिले आणि एका कुत्र्याच्या डोक्यावर कढई पडल्यावर खो खो हसले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, ती हसण्याची होती की कशाची ते मी विचारलं नाही.

खरी धास्ती त्यानंतर सुरू झाली. जुनी कार्टून म्हणजे निरागस गंमत अशी आमची समजूत होती. पहिल्याच आठवड्यात हमीदभाईंनी लावलेल्या एका कॅसेटमध्ये रुसलेला एक बोका दोर घेऊन झाडाकडे निघाला. गंमत म्हणूनच होतं ते, पुढे फांदी मोडणार होती. ताईंनी झडप घालून मशीन बंद केलं. मग आम्ही कपाट उपसून पाहिलं तर जागोजागी तेच. दोर, विहीर, कवटीचं चित्र असलेली बाटली, पंख लावून वर निघालेले आत्मे. ज्यांनी हे काढलं त्यांच्या देशात ही हसायची गोष्ट असेल. आमच्याकडे त्या वर्षांत ती हसायची गोष्ट राहिली नव्हती.

तेव्हापासून ताईंनी डोळ्यांखालून घातल्याशिवाय एकही कॅसेट लागली नाही. रोज दुपारी त्या आणि मी खुर्च्या ओढून बसायचो. समोर उंदीर-मांजरं बागडत आहेत आणि आम्ही दोघी पदराचं टोक तोंडात धरून, आता काय निघतं म्हणून जीव मुठीत धरून बसलो आहोत, असं ते दृश्य असायचं. दोर दिसला की ताई हात वर करायच्या आणि हमीदभाई तेवढा भाग कापायचे. कापून कापून गोष्टींचा पार चिवडा झाला. कुत्रा एका दारातून आत जायचा तो दुसऱ्याच गोष्टीत बाहेर यायचा. कोणीही तक्रार केली नाही. उलट पुढे काय होईल ते सांगताच येत नाही म्हणून लोक जास्त हसू लागले. हमीदभाई म्हणायचे, ताई, बनानेवाले ने भी इतनी मेहनत नहीं की होगी.

दादाच्या काउंटरवर एक छोटा टीव्ही होता. वहिनी तो सकाळीच या चॅनलवर लावून ठेवायच्या. आधी दादानं तिकडे पाठ केली. मग खुर्ची तिरपी केली, मग सरळ. एक दिवस वहिनींनी मला खूण करून बोलावलं आणि दाराआडून दाखवलं: दादा टीव्हीकडे पाहत जेवत होता आणि त्याचं ताट रिकामं होत होतं. मी ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी हात जोडले आणि मग मला बजावलं की हुरळून जाऊ नको, लक्ष ठेव.

त्यांचं खरं होतं. चैत्रात दादा पुन्हा बिघडला, आणि आधीपेक्षा वाईट बिघडला. जेवण सुटलं. चॅनल सोडून तो सारखा पट्टीवर जायचा, सगळी नावं वाचायचा आणि परत यायचा. रस्त्यावर नजर लावून बसायचा. काय झालं विचारलं तर अंगावर यायचा. वहिनींचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. ऑफिसातला फोन वाजला की तो आमच्या घरचाच असणार असं वाटून मी हातातलं काम टाकून धावायचे.

त्या दुपारी कार्टूनच्या चॅनलवर एका दुकानदाराची गोष्ट लागली. जाड्या मिशीवाला दुकानदार, समोर एक विसरभोळं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक चुकून भलतीच बाटली उचलून चालू लागतं, दुकानदाराच्या ते मागाहून लक्षात येतं आणि तो बाटली परत आणायला त्याच्यामागे धावत सुटतो. ही कॅसेट ताईंनी स्वतः पाहून पास केली होती. बाटलीवर कवटी नव्हती, दोर नव्हता, विहीर नव्हती. त्यांना ते केसांचं टॉनिक वाटलं होतं. दुकानदार, काउंटर आणि बाटली हे तिन्ही एकत्र आमच्या घरात कसं दिसेल, हे मला तेव्हा कळलं जेव्हा ते आमच्या घरात दिसत होतं. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनाही त्याच क्षणी कळलं होतं. हमीदभाईंचा हात बटणाकडे गेला.

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "आता बंद केलं तं त्याले फक्त बाटली गेलेली दिसन. शेवटी दुकानदाराले बाटली सापडते. तेवढं होऊ द्या."

दुकानदार पडद्यावर नालीत पडला, उठला, बैलगाडीखाली आला, उठला, खांबावर आपटला, उठला. आम्ही तिघं पाहत होतो. गोष्ट संपायच्या आत फोन वाजला. वहिनी होत्या. दादा खुर्चीतून उठला आणि कुठे ते न सांगता लुना काढून निघून गेला, असं त्या सांगत होत्या. सकाळीच माल मोजायचा म्हणून त्यानं गोदामाची किल्ली मागून घेतली होती, ती त्याच्याच खिशात होती. त्यानं आतून काही नेलं की नाही हेही वहिनींना पाहता येत नव्हतं.

ताईंनी सगळ्या लाइनमनना सगळ्या रस्त्यांवर पाठवलं. ज्या ज्या गावात आपलं कनेक्शन आणि फोन आहे तिथं हमीदभाई फोन लावत बसले. मी ताईंना गाडीवर मागे बसवून घरी आले. वाटेत त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठला. सारख्या म्हणत होत्या, माही चूक झाली, मी पाह्यली होती ती कॅसेट. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता आणि त्यांचाच आधारही वाटत होता. दुकानाच्या बाकावर आम्ही तिघी बसलो. ऊन उतरलं, समोरचा रसवंतीवाला घुंगरं थांबवून घरी गेला, तरी दादा नाही. एका लाइनमननं तो अंजनगावच्या रस्त्याला दिसला होता असा निरोप आणला, त्यापुढे काही कळेना.

दिवस मावळायला लुनाचा आवाज आला. दादाच होता, आणि त्याच्या दोन पायांच्या मध्ये फवारणीच्या औषधाचा डबा होता. आम्ही उठलो, पण कोणाचाही पाय पुढे पडेना. डबा भरलेला आहे की रिकामा, आणि याच्या पोटात काय आहे, हे विचारायची कोणाची हिंमत होईना. दादानं गाडी लावली, डबा उचलला आणि काउंटरवर आणून ठेवला. डब्याचं सील तसंच होतं.

"परत घेऊन आलो," दादा म्हणाला.

मग तो बाकावर बसला आणि बोलू लागला. काही दिवसांपूर्वी शेजारच्या गावातली सुमनबाई एकटीच दुकानात आली होती. चैत्राचं ऊन, वावरात कापसाच्या पऱ्हाटीची काडीही उभी नाही आणि ही फवारणीचं औषध मागते. दुकानात गर्दी होती, दादानं डबा देऊन टाकला. संध्याकाळी शटर ओढताना त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तेव्हापासून तो रोज पट्टीवर तिचं नाव शोधत होता. तिच्या घरी जायची छाती होत नव्हती. जाऊन काय विचारायचं? आणि उशीर झालेला असला तर? "आज तो मिशीवाला पाह्यला," दादा म्हणाला. "येडा इतक्या खेपा पडून धावून राहिला होता. अन् मी नुसता बसून होतो."

सुमनबाई घरी होत्या. डबा धान्याच्या कोठीमागे होता. कंपनीनं खराब माल परत मागवला आहे अशी थाप दादानं ठोकली. त्यांनी काही न विचारता डबा आणून दिला आणि चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी वहिनी त्यांच्याकडे जाऊन आल्या, आणि मग जातच राहिल्या. त्यांच्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते त्यांचं आहे, मी इथे लिहिणार नाही.

विमलताईंना त्या संध्याकाळी बाकावरून उठता येईना. वहिनींनी त्यांना दोन्ही हातांनी धरून घरात नेलं आणि जबरदस्तीनं जेवू घातलं. दादा आमच्याबरोबर पंगतीला बसला होता.

पुढे ही गोष्ट तालुकाभर झाली, आणि लोकांनी आपल्या स्वभावाप्रमाणे ती सुधारून घेतली. विमलताईंनी मुद्दाम ती कॅसेट लावली, त्यांना सगळं आधीच कळलं होतं, असं आजही सत्काराच्या व्यासपीठांवरून सांगितलं जातं. दर वेळी ताई माइक मागून घेतात आणि सांगतात की ते चुकून लागलं होतं. लोक त्याला विनय समजून टाळ्या वाजवतात. मी त्या खोलीत होते म्हणून साक्ष देते: ते चुकूनच लागलं होतं. ती चूक झाल्यावर त्यांनी पुढचे कित्येक दिवस कपाटातली प्रत्येक कॅसेट पहिल्यापासून पुन्हा पाहिली. दादा एकदा स्वतः आला आणि ती दुकानदाराची गोष्ट परत लावा, आणखी कोणाला उपयोग होईल, असं म्हणाला. ताईंनी साफ नाही म्हटलं. "एकदा बरं झालं म्हणून दुसऱ्यांदा होईनच असं नाई, भाऊ. कोनाच्या घरात कोन बसलं असते, आपल्याले काय मालूम." ज्यांना धाडस म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं. मला ती भीतीच वाटते, आणि त्या भीतीच्या भरवशावर आम्ही सगळे ती वर्षं ओलांडून आलो.

नंतर घरोघर टीव्हीला सेट-टॉप बॉक्स बसले, सगळी चॅनलं वरून येऊ लागली आणि आमचं चॅनल बंद पडलं. त्या कॅसेटी आता कोणत्याही मशीनवर चालत नाहीत. ताईंनी त्या टाकूनही दिलेल्या नाहीत. ती वाईट वर्षं संपली असं एखाद्या वक्त्यानं सांगितलं की ताई आणि मी एकमेकींकडे पाहतो. संपली असं आम्हाला अजून म्हणवत नाही. दादाचं दुकान चालू आहे. बिनहंगामी औषध मागायला कोणी आलं तर तो आधी त्याला चहा पाजतो, गप्पात गुंतवतो आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत जाऊन येतो. त्याचं गिऱ्हाइकांची फिरकी घेणंही पुन्हा सुरू झालं आहे, आणि ते आम्हाला आता नकोसं होईल इतकं वाढलं आहे.

अशा लेखाच्या शेवटी सत्कारमूर्तींना दीर्घायुष्य चिंतायचं असतं, आणि इथेच माझं घोडं अडलं. कोणाच्या आयुष्याचे आकडे तोंडातून काढायला मला आजही भीती वाटते. मागच्या आठवड्यात सुमनबाई दुकानात आल्या होत्या. त्यांच्या शेवया आणि कुरड्या आता अमरावतीपर्यंत जातात, त्यामुळे त्या नेहमी घाईत असतात. मी त्यांना अडचण सांगितली आणि ताईंना तुमच्याकडून काय लिहू असं विचारलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या:

"माह्यापरीस एक दिवस तरी जास्त जगा म्हना त्याइले. अन् मले तं अजून लय जगाचं हाय."